छापलेला कार्यक्रम

आमच्या बाग मंडळात नियम पुष्कळ आहेत, पण मनापासून पाळला जातो तो एकच. एकदा छापलेला वार्षिक कार्यक्रम बदलायचा नाही. वेळेवर यावं, व्याख्यान चालू असताना कुजबुजू नये, उरलेला चहा सभागृहातल्या कुंड्यांत ओतू नये, हे सगळं फलकावर लिहिलेलं आहे आणि तिथेच राहिलेलं आहे. कार्यक्रमाचा नियम मात्र आम्ही ठेच खाऊन शिकलो. फार वर्षांपूर्वी कुणीतरी एका महिन्याचा वार बदलला. अर्ध्यांना कळलं, अर्ध्यांना नाही. वीसेक माणसं कुंड्या कडेवर घेऊन कुलूपबंद दारासमोर दोन तास उभी राहिली, आणि तिथे कुणाची कुंडी कुणाच्या पायावर पडली यावरून झालेला अबोला आजतागायत चालू आहे. तेव्हा ठरलं की छापलं ते छापलं. वक्ता आजारी पडला तर दुसऱ्याने त्याची टिपणं वाचायची. वक्ता मेला तरी.

"वक्ता मेला तरी" हे आम्ही हसत म्हणायचो. मग माझी ताई गेली.

कार्यक्रम आखायचं काम एकोणीस वर्षं ताईकडे होतं. महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी चार, वाचनालयाच्या वरचं सभागृह. बारा ओळी, बारा विषय, समोर वक्त्याचं नाव, आणि शेवटच्या महिन्यात कुणाच्या तरी घरी मेळावा. गेल्या वर्षीचा कार्यक्रम तिने पलंगावर पडून आखला. छापखान्यातून आलेला नमुना उशीला टेकून, पेन्सिल कानामागे खोचून तपासला. कार्डं घरोघर पोचली आणि पहिल्या शनिवारच्या अकरा दिवस आधी ती गेली.

कार्ड मी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर लावलं होतं. ताई गेल्यावर ते काढायचा धीर झाला नाही. खरं तर मी ते नीट वाचलंही तिच्या जाण्यानंतरच. बाराव्या ओळीशी आले आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. "मेळावा, आमच्या घरी. आईच्या शेवंतीची गोष्ट. वक्ता: धाकटी."

धाकटी म्हणजे मी. वय अठ्ठावन्न, पडदे आणि शाळेचे गणवेश शिवते, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो, पण गावाला मी धाकटीच.

आता आईच्या शेवंतीची गोष्ट म्हणजे काय, ते सांगते. मंडळात जे बाराव्या महिन्यात सांगायचं होतं, ते तुम्हाला आधीच.

आमच्या आईकडे एक शेवंती होती. कळी सोनेरी, अगदी साधी. मग एकेक पाकळी उलगडायला लागली की आतून विटकरी लाल निघायची. चार-पाच दिवस फूल अर्धं सोनेरी आणि अर्धं लाल दिसायचं. पान चुरडलं की शेवंतीचा नेहमीचा कडवट वास तर यायचाच, पण त्याच्या मागून कापरासारखा थंड वास यायचा, बराच वेळ बोटांवर राहणारा. ती आईकडे कुठून आली ते आईलाही आठवत नव्हतं. आम्ही माहीतगारांना दाखवली, पुस्तकं चाळली, पण तशी दुसरी कुठे मिळाली नाही. आई गेल्यावर कुंडी ताईकडे गेली, कारण ताईकडे झाडं जगायची. मला तिने मुळाशी आलेला एक फुटवा काढून दिला. "झाड राखायचं असेल तर वाटून टाका" ही आमच्या मंडळाची म्हण. ताईने बाकी सगळी झाडं वाटली, ही तेवढी नाही. "ही दोन घरांत असू दे, धाकटे. तुझी गेली तर माझी, माझी गेली तर तुझी." ज्याचं झाड मेलं त्याला, ज्याने त्याच्याकडून नेलं असेल त्याने फुटवा परत द्यायचा. आम्ही त्याला परतीचा फुटवा म्हणतो आणि तो मागताना कुणी लाजत नाही.

चार उन्हाळ्यांपूर्वी मंडळाच्या एका सभेत कुणीतरी मला विचारलं, "तुमच्या शेवंतीचा एक फुटवा द्याल का?" मी तोंड उघडायच्या आत ताई समोरून म्हणाली, "तिच्याकडून काय मागता? तिच्या हाताला सुई लागते, झाड नाही लागत. शेवंती जगलीय ती आईच्या पुण्याईवर!" सगळे हसले. मीही हसले. माझ्या बोलण्यावर लोक हसले असते तर मला आवडलं असतं, पण हे हसू माझ्यावर होतं, आणि ते मी घरापर्यंत पदरात बांधून आणलं.

त्या संध्याकाळी मी शेवंतीची कुंडी गच्चीवरच्या टाकीमागे नेऊन ठेवली. तिथे दिवसभर ऊन तापतं. पाणी घालायला मी विसरले नाही. रोज संध्याकाळी आठवण व्हायची आणि मी घालायची नाही. बघू तर खरं आईची पुण्याई किती दिवस पुरते, असं मनात म्हणायची. नवव्या दिवशी शिवता शिवता एकदम भानावर आले. मशीन तसंच टाकून वर धावले, दोन बादल्या ओतल्या. पाणी कुंडीतून सरळ खाली निघून गेलं. वरातीमागून घोडं. पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडली.

ताईला सांगितलं नाही. ती विचारायची, "कशी आहे?" मी म्हणायची, "मजेत." पहिल्यांदा खोटं बोलताना नजर चुकवली. दुसऱ्यांदा नाही.

मग ताई आजारी पडली, दीड महिना इस्पितळात होती. घरी भाऊजी एकटे, म्हणजे तिचे यजमान. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवील, पण झाडातलं ओ की ठो कळत नाही. बायकोची सगळ्यात लाडकी कुंडी म्हणून त्यांनी तिला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. ताई परत आली तेव्हा मुळं सडून गेली होती. भाऊजी लहान मुलासारखे रडले. ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला निरोप पाठवला की परतीचा फुटवा घेऊन ये.

खरं सांगायची वेळ ती होती. मी काय केलं? गावाबाहेरच्या रोपवाटिकेतून एक पिवळी शेवंती आणली, साधी, ढिगाने मिळते ती. फुटवा काढला, लहान कुंडीत लावला आणि ताईकडे नेला. पान बघून कुणाला कळतंय, फूल यायला वर्ष आहे आणि डॉक्टरांनी ताईला वर्ष दिलेलं नव्हतं. हा हिशेब मी केला. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मरणाचा हिशेब.

ताईने कुंडी मांडीवर घेतली. एक पान खुडलं, चुरडलं, नाकाशी नेलं. मग तीच बोटं माझ्या नाकाशी धरली. "बघ गं, कसा वास येतोय." मी म्हटलं, "छान." ती म्हणाली, "छान आहे." आणि पेन्सिल कानामागून काढून तिने कुंडीत खोचायची पट्टी लिहायला घेतली. मी चहा करायला आत गेले.

*

पहिला शनिवार नुसता श्रद्धांजलीत गेला. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या दोन मिनिटं शांत उभ्या राहायला सांगतात आणि घड्याळ लावून पुरती दोन मिनिटं उभं करतात. त्या दोन मिनिटांत माझ्या बोटांना वास आला. शेवंतीच्या पानाचा. मी सकाळपासून गणवेशांची काजं करत होते, झाडाला हात लावला नव्हता. बोटं नाकाशी नेली. आधी कडवट, मग मागून तो थंड कापरासारखा. पिवळीचा नव्हता तो. आईच्या शेवंतीचा होता. तीन वर्षांत आला नव्हता.

घरी येऊन साबणाने हात धुतले. रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "भाजीत कापूर पडलाय का काय?" मी ताटावरून उठले.

दुसऱ्या महिन्याची ओळ होती: "पानावरून जात ओळखणे." वक्ते दातांचे डॉक्टर. हे गृहस्थ कुठलंही व्याख्यान दातांवर आणतात. "दोन माणसांच्या कवळ्या जशा सारख्या नसतात, तशी दोन जातींची पानं सारखी नसतात. ज्याने पान रोज पाहिलंय त्याला फसवता येत नाही." त्यांनी दोन शेवंत्यांची पानं दात बघायच्या आरशासारखी वर धरली. "कडेच्या खाचा बघा. वास घ्या. जाणकाराला फुलाची वाट पाहावी लागत नाही." खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. मी चहाच्या कपांशी जाऊन उभी राहिले, आणि कप मांडता मांडता पुन्हा तो वास आला.

त्या रात्री मी कार्ड फ्रिजवरून उतरवलं आणि टेबलावर ठेवून ओळ न् ओळ वाचली. इतकी वर्षं ताईचे विषय कसे असायचे? "उन्हाळ्यातली फुलं." "खत घरच्या घरी." या वेळचे बघा: पानावरून जात ओळखणे. फुटव्यांची देवाणघेवाण. पाण्यावाचून किती दिवस? कुंडी बदलणे. रोपवाटिकेला भेट. चिठ्ठीपट्टीवर काय लिहावं? आणि शेवटी मी. बारा ओळी एकामागून एक माझ्याकडे चालत येत होत्या. ताई भांडखोर नव्हती. पण ती कुठली गोष्ट अर्धी सोडणारीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षबाईंकडे गेले. म्हटलं, "मला नाही जमायचं बाई व्याख्यान. बारावी ओळ दुसऱ्या कुणाला द्या."

"छापलंय," त्या म्हणाल्या.

"पण मला बोलताच येत नाही."

"तुम्हाला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चहाच्या टेबलाशी तुम्ही थांबत नाही, आणि बोलता येत नाही? छापलंय."

चौथ्या महिन्यात मीटरवाले बोलले. पाण्याचे मीटर वाचण्यात त्यांची नोकरी गेली, तेव्हा विषय त्यांचाच. "पाण्यावाचून किती दिवस?" त्यांनी तक्ता केला होता. निवडुंग इतके दिवस, कोरफड इतके. "आता शेवंती. कुंडीत, भर उन्हात, आठ दिवस धरून चालते. आठव्या दिवशी घातलंत तर जगेल. नवव्या दिवशी बादलीभर ओतलंत तरी काही उपयोग नाही." कुणी तरी विचारलं, "एका दिवसाने एवढा फरक?" "एका दिवसानेच," मीटरवाले म्हणाले.

मी जिन्यात जाऊन बसले. एक दिवस. एक दिवस आधी राग गिळला असता तर. खालून वाचनालयातली जुन्या कागदांची हवा येत होती आणि तरी माझ्या बोटांना कापूर होता. मी मोठ्याने म्हटलं, "पुरे गं ताई." माझ्या मागे कुणी नव्हतं. जिन्याच्या कठड्यावर उन्हाचा पट्टा होता, तेवढाच.

पाचव्या महिन्यात सगळ्यांनी आपापली एक कुंडी आणायची होती, लहान कुंडीतून मोठ्या कुंडीत झाड हलवायला. भाऊजी पिवळी घेऊन आले. बायको गेल्यापासून ते प्रत्येक शनिवारी येत होते, शेवटच्या रांगेत बसत होते. शेवंतीला आता ते औषधाच्या मापाने पाणी घालत होते, वहीत वेळ लिहून. झाड काय तरतरीत झालं होतं! माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी कुंडी आडवी केली, हलकेच थापटली, मातीचा गोळा तळव्यावर घेतला. पट्टी बाजूला काढून ठेवली. मग भिंग डोळ्याला लावून ती थोडा वेळ बघत बसले. मला वाटलं, बायकोचं अक्षर आहे, बघत असतील. मी मान फिरवली.

"धाकटे," थोड्या वेळाने ते म्हणाले, "जरा माती दाबून देतेस? मला जोर कळत नाही."

मी माती दाबून दिली. त्यांनी पट्टी परत खोचली, अगदी पूर्वी होती तितकीच खोल.

रोपवाटिकेच्या सहलीला मी डोकं दुखतंय म्हणून जाणार नव्हते, पण अध्यक्षबाई गाडी घेऊन दारातच आल्या. रोपवाटिकावाला म्हणजे पंचक्रोशीत एकच. फाटकात सगळ्यांचं स्वागत करता करता त्याची नजर माझ्यावर थांबली. "अरे, या बाई! काय म्हणते आमची पिवळी शेवंती? आली का फुलावर?" मागे सतरा माणसं आणि त्यांत भाऊजी. मी म्हटलं, "बाई दुसरी कुणी असेल." तो म्हणाला, "असेल बुवा. पण अशी घासाघीस दुसरं कोण करणार?" सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. ते एका रिकाम्या कुंडीचं भोक बोटाने साफ करत होते.

त्यानंतर मला झोप लागेनाशी झाली. शिवणाऱ्या बाईला झोप नसेल तर सगळ्यात आधी गावाला कळतं. एका शाळेच्या मुलांना मी दोन्ही डाव्या बाह्या लावलेले शर्ट पाठवले.

नवव्या महिन्यापुढे वक्ता म्हणून ताईचंच नाव होतं. "चिठ्ठीपट्टीवर काय लिहावं?" नियमाप्रमाणे टिपणं वाचायची होती, आणि ती वाचायला भाऊजी उभे राहिले. त्यांचा आवाज बारीक, वाक्यं ताईची. डोळे मिटले तर कोण बोलतंय ते कळेनासं व्हायचं. "शाईने लिहू नये. शाई उन्हाने उडते, पावसाने धुतली जाते. साध्या पेन्सिलीने लिहावं. पेन्सिल माणसापेक्षा जास्त टिकते." इथे ते थांबले, पाणी प्यायले. "मातीत जाणाऱ्या टोकावरही लिहावं, ते कुणी पुसत नाही. आपल्या मंडळातले निम्मे घोळ पट्ट्या इकडच्या तिकडे झाल्याने होतात. पट्टी हलली की झाडाचा बाप बदलतो." लोक हसले. ताईचा विनोद, ती नसताना.

आणि मला त्याच वाक्यात वाट सापडली. पट्टी हलली की झाडाचा बाप बदलतो. माणूस बुडायला लागला की कशालाही धरतो, हे माहीत होतं. मी कशाला धरते आहे ते मात्र तेव्हा मला दिसलं नाही.

*

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ताईच्या घरी गेले. भाऊजी सभागृहातून खुर्च्या आणायला गेले होते. किल्ली माझ्याकडे असतेच. बैठकीच्या खोलीत त्यांची घड्याळं चालू होती, सगळी एका ठोक्यात, तिच्या वेळीही चालायची तशी. मी चपला हातात घेऊन मागच्या अंगणात गेले. का, कोण जाणे. घरात कुणी नव्हतं.

भिंतीच्या कडेला कुंड्या ओळीने मांडलेल्या. पिवळी मधोमध, पाटावर. सहा कळ्या, आणि एक उद्या उमलणार हे सांगायला जाणकार नको होता. कळीच्या टोकाला पिवळा रंग फुटला होता. आतबाहेर नुसता पिवळा.

माझा बेत सोपा होता. शेजारी आणखी दोन शेवंतीच्या कुंड्या होत्या, फूल न आलेल्या. ताईची पट्टी इथून काढायची, तिथे खोचायची. उद्या सगळ्यांसमोर म्हणायचं, अगंबाई, भाऊजींनी कुंडी बदलताना पट्ट्यांचा घोळ केलेला दिसतो, आईची ही नव्हेच, कुठली ते आता कोण सांगणार. लोक मान हलवतील. बिचारे, त्यांना झाडातलं काय कळतं. एकदा पाण्याने मारली, आता हरवली. आणि भाऊजींना ते खरं वाटेल, कारण आपल्या हातून असंच होणार असं त्यांना तेव्हापासून वाटतच होतं. ज्या माणसाने बारा महिने मापाने पाणी घातलं त्याच्या गळ्यात मी माझं पाप बांधायला निघाले होते.

पट्टीचा वर दिसणारा भाग ऊन-पाण्याने पांढरा पडला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. "शेवंती. परतीचा फुटवा. धाकटीकडून." मी ती चिमटीत धरली आणि उपटली.

खालच्या, मातीत गेलेल्या टोकाला ओली माती चिकटली होती. अंगठ्याने पुसली. खाली आणखी अक्षरं होती. बारीक, पडून लिहिलेली, ओळ थोडी उतरती.

"आईची नाही. तिला विचारू नका. ती सांगेल."

मी तिथेच मातीत बसले. किती वेळ, ते आतल्या घड्याळांना माहीत. तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझ्या नाकाशी बोटं धरली तेव्हा ती मला वास दाखवत नव्हती, मला संधी देत होती. मी "छान" म्हटलं. तरी तिने कुंडी ठेवून घेतली, पट्टी लिहिली, आणि मग नमुन्याच्या शेवटच्या ओळीत माझं नाव घातलं. मी वर्षभर ज्याला फास समजत होते तो फास नव्हता. ती माझी वाट बघत होती. मेल्यावरही.

आणि "विचारू नका" हे कुणाला लिहिलं होतं? कुंडी बदलताना पट्टी ज्याच्या हातात येणार होती त्याला. भिंग लावून बघत बसले होते ते. पाचव्या महिन्यापासून भाऊजींना माहीत होतं. रोपवाटिकेत माहीत होतं. तरी वहीत वेळ लिहून, मापाने.

फाटक वाजलं. मी पट्टी होती तिथे, होती तितकीच खोल खोचली. भाऊजी चार खुर्च्या घेऊन अंगणात आले. माझी मातीची बोटं पाहिली, कुंडीकडे पाहिलं.

"चहा टाकतेस?" ते म्हणाले.

मेळाव्याला सव्वीस माणसं आली. फूल उमललं होतं, ताटलीएवढं, पिवळंधमक. दातांचे डॉक्टर त्याच्यापुढे वाकून बराच वेळ पाहत राहिले, आणि खुर्चीत जाऊन बसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता आईच्या शेवंतीची गोष्ट." मी उभी राहिले. चार पानं लिहून आणली होती, ती हातातच राहिली.

"ही आईची शेवंती नाही," मी म्हटलं. "आईची शेवंती मी मारली."

मग सगळं सांगितलं. टाकी, ऊन, नऊ दिवस. नीट सांगता आलं नाही. मध्येच रडले, मध्येच मीटरवाल्यांना म्हटलं, "तुमचा तक्ता बरोबर आहे." शेवटी काय बोलले ते आठवत नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी उठून गेलं नाही. मग रोपवाटिकेतल्या त्या प्रसंगाची आठवण होऊन कुणीतरी म्हणालं, "म्हणजे घासाघीस करणाऱ्या बाई तुम्हीच." अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे शाळेतल्यासारखं पाहिलं.

सगळे गेल्यावर भाऊजी आणि मी कप विसळत होतो. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही मला बोलायला हवं होतं."

"तिने नको म्हटलं होतं." त्यांनी एक कप पुसला, उजेडात धरून पाहिला. "आणि काय बोलणार, धाकटे? मी पाण्याने मारली, तू पाण्यावाचून. तिला दोन्ही माहीत होतं, एक पाहून, एक ताडून. दोघांनाही तिने काही म्हटलं नाही."

आम्ही बाकीचे कप विसळले.

याला आता महिना झाला. पिवळीचे फुटवे लोकांनी मागून नेले. रिवाजाप्रमाणे झाड देणाऱ्याच्या नावाने ओळखतात, तेव्हा आता सहा घरांत "धाकटीची पिवळी" आहे. नव्या वर्षाचा कार्यक्रम आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काल त्यातला पहिला शनिवार होता. दुपारपासून मी बोटं जपत होते, कांदा चिरला नाही, साबण लावला नाही. चार वाजले, सभा सुरू झाली, अध्यक्षबाई बोलायला लागल्या. मी बोटं नाकाशी धरून बसले होते. कशाचाच वास आला नाही.

घरी येऊन पिवळीचं पान चुरडलं. कडवट वास आला, मागे काही नव्हतं. तेव्हा कळलं की आईची शेवंती वर्षभर, सभेच्या दर शनिवारी, माझ्या बोटांवर तेवढी उरली होती. आता ती कुठेच नाही, आणि ताईही नाही. हे तिच्या मरणाच्या दिवशी मला कळायला हवं होतं. रडू मात्र काल आलं.